हनुवटीखाली चरबीचं इंजेक्शन घेतलं, महिन्याने गाठी आल्या, आता टीबी म्हणतायत. कोणाला अनुभव आहे का?

केळीबागवाली, जळगाव
२१ मार्च, रात्री ११.४०

मोठी पोस्ट आहे, आधीच सॉरी म्हणते. प्रश्न माझ्या लहान बहिणीचा आहे, वय २५, पाचोऱ्याला आईबाबांकडे असते. तिचं लग्न ठरलंय, आखाजी झाली की पंधरा दिवसांनी तारीख आहे. साखरपुड्याचे फोटो आले तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, माझी डबल चिन दिसते माझी डबल चिन दिसते. मी म्हटलं अगं कुठे दिसते, तर मलाच म्हणे तुझं झालंय लग्न तुला काय फरक पडतो.

मग तिने एका पार्लरमध्ये चौकशी केली. तिथे दर रविवारी सुरतहून एकजण येतो, सगळे त्याला डॉक्टरसाहेब म्हणतात, तो फॅट विरघळवायचं इंजेक्शन देतो. तीन सिटिंगचे ९००० घेतले. नाताळच्या आठवड्यात पहिलं, मग पंधरा पंधरा दिवसांनी, शेवटचं जानेवारीअखेर. प्रत्येक वेळी हनुवटीखाली १५-२० टोचे. सूज यायची आणि ४-५ दिवसांत उतरायची, त्यांनी सांगितलेलंच होतं की सूज येणार म्हणून कोणी काही मनावर घेतलं नाही.

शेवटच्या सिटिंगनंतर तीन साडेतीन आठवड्यांनी टोचलेल्या जागी मसूरच्या दाण्याएवढी एक गाठ आली. मग दुसरी. आज मोजल्या तर ७ आहेत, वरची कातडी जांभळट झालीये, दोन फुटल्यात आणि त्यातून पातळ पू येतो. ताप नाही. दुखतं पण फार नाही, हेच विचित्र वाटतं, एवढं मोठं बेंड आलं तर माणूस रात्रभर झोपत नाही ना.

फॅमिली डॉक्टरांनी ७ दिवस ऑगमेंटिन दिलं, काही फरक नाही. मग जळगावला सर्जनला दाखवलं, त्यांनी चिरा देऊन पू काढला, कल्चरला पाठवला, रिपोर्ट आला ४८ तासांत काहीच वाढलं नाही. चिरा दिलेली जागा भरतच नाहीये. मग सुई घालून एफएनएसी केली त्यात ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींची गाठ म्हणे) आणि एएफबी पॉझिटिव्ह असं लिहून आलं. आता म्हणतात टीबी आहे, सोमवारपासून ६ महिन्यांच्या गोळ्या चालू करू.

घरात टीबी हा शब्द आल्यापासून आई जेवत नाहीये. तिकडच्या लोकांना काय सांगायचं हा वेगळाच घोळ. मला एवढंच विचारायचंय की हनुवटीखाली असा टीबी होतो का? गोळ्या चालू कराव्या का थांबावं?

तापीकाठची, भुसावळ
२२ मार्च, सकाळी ६.१५

ताई आधी एक सांग. डॉक्टरांना इंजेक्शनचं सांगितलंय ना? रविवारवाल्याचं?

केळीबागवाली, जळगाव
२२ मार्च, सकाळी ७.०२

नाही 😞

दोन्हीकडे आई सोबत होती आणि आईला इंजेक्शनचं माहीतच नाही. फॅमिली डॉक्टरांना तिने सांगितलं मुरूम फोडला म्हणून. सर्जनने विचारलं होतं इथे काही लागलं होतं का, तर ही नाही म्हणाली. मलाच परवा रात्री सांगितलं, ते पण रडत रडत. पैसे तिने तिच्या ट्यूशनच्या पैशातून दिलेले.

तापीकाठची, भुसावळ
२२ मार्च, सकाळी ८.३०

मला वाटलंच. मी पण हेच केलं होतं म्हणून विचारलं. चहा ठेवलाय, बसून सगळं लिहिते.

मला दंडावर झालं होतं, २ वर्षांपूर्वी. स्लीव्हलेस ब्लाऊज घालायचा होता दिराच्या लग्नात, बस एवढंच कारण, आता स्वतःचंच हसू येतं. दोन्ही दंडांना चरबीची इंजेक्शनं घेतली, पाचव्या आठवड्यात गाठी. मी पण डॉक्टरला सांगितलं डास चावला खाजवलं. त्यांनी केलॉइड म्हणजे वाढलेला व्रण समजून गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि मग जे काही पसरलं विचारू नका, ४ च्या ११ गाठी झाल्या. त्यात डॉक्टरची काय चूक, त्यांना मी खोटं सांगितलेलं. तर पहिली गोष्ट बहिणीला स्टिरॉइड गाठीत मारू देऊ नका.

मला पण टीबीचं औषध चालू झालं होतं. दीड महिना खाल्लं, लघवी केशरी, तोंडाला चव नाही, गाठी जशाच्या तशा. शेवटी नाशिकला स्किनवाल्या मॅडमकडे गेले, त्यांनी दाराबाहेर नवऱ्याला बसवलं आणि मला एकटीला विचारलं, इथे कधी सुई टोचून घेतली होती का. मी हो म्हटलं आणि त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या. म्हणाल्या आता कळलं.

तो टीबी नव्हता. टीबीच्या जंतूचा चुलत भाऊ म्हणा, एनटीएम म्हणतात. रिपोर्टवर काही लॅबवाले एमओटीटी लिहितात, दोन्ही एकच. मला जो निघाला त्याचं नाव मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस. त्याच्यावर टीबीच्या नेहमीच्या गोळ्या चालतच नाहीत. आणि ऑगमेंटिनसारखी साधी अँटिबायोटिक पण नाही. म्हणून दोन्हीने फरक पडत नाही आणि माणूस म्हणतो औषध लागू पडत नाही, अहो औषधच त्याचं नाही ते.

एक चांगली गोष्ट, हा एकापासून दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळं, टॉवेल वेगळा असलं काही करू नका तिचं, माझ्या सासूने केलं होतं.

घाबरू नको व माय, सगळं व्यवस्थित व्हई. पण सोमवारच्या आधी डॉक्टरला खरं सांगा. आईला बाहेर बसवा हवं तर.

खरं_बोलतो, चाळीसगाव
२२ मार्च, दुपारी १२.१०

देवाने दिलेला चेहरा चांगला नव्हता का. ९००० रुपये देऊन रोग विकत घेतला. आजकालच्या मुलींना रील पाहून पाहून...

शेवभाजी_एक_नंबर, जळगाव
२२ मार्च, दुपारी १२.२५

भाऊ मागच्या महिन्यात तुम्हीच इथे केस लावायचं विचारत होतात, पीआरपी (आपलंच रक्त काढून डोक्यात टोचतात ते) की ट्रान्सप्लांट. ती पण सुईच आहे. धागा अजून वर आहे, लिंक देऊ का? 😄

खरं_बोलतो, चाळीसगाव
२२ मार्च, दुपारी १२.४०

ते वेगळं.

लॅबवाला, धुळे
२२ मार्च, दुपारी ३.५०

मी डॉक्टर नाही, १४ वर्षं मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे औषधाचं बोलणार नाही, नमुन्याचं बोलतो कारण सगळा खेळ तिथेच बिघडतो.

एएफबी पॉझिटिव्ह म्हणजे टीबी, हे डोक्यातून काढा. ती झेडएन नावाची, जंतू लाल रंगवून बघायची तपासणी असते, त्यात या घराण्यातले सगळेच लाल दिसतात, टीबीवाला पण आणि हे चुलत भाऊ पण. सूक्ष्मदर्शकाखाली मला पण फरक सांगता येणार नाही. आडनाव कळतं, नाव नाही कळत. नावासाठी पुढच्या तपासण्या.

ताई सीबीनॅट केलं का? सरकारी दवाखान्यात होतं, पैसे लागत नाहीत, जळगावला मेडिकल कॉलेजला आणि इकडे धुळ्याला हिरे मेडिकलला चौकशी करा. ते फक्त टीबीचा जंतू पकडतं. एएफबी चांगलं पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह आलं की आमच्यासारख्याच्या पण डोक्यात घंटा वाजते की हा एनटीएम असणार. अर्थात नुसत्या सीबीनॅट निगेटिव्हवर टीबी नाहीच असं पण म्हणता येत नाही, जंतू कमी असले की सुटतो. म्हणून कल्चर पाहिजेच.

आता ते ४८ तासात काही वाढलं नाही त्याचं. साधं पू कल्चर लॅबमध्ये दोन दिवस ठेवतात आणि प्लेट टाकून देतात, कारण नेहमीचे स्टॅफ वगैरे तेवढ्यात वाढतात. हे अ‍ॅबसेसस, चेलोनी, फॉर्चुइटम आमच्या भाषेत रॅपिड ग्रोअर, म्हणजे लवकर वाढणारे, पण यांचं लवकर म्हणजे साधारण आठवडा. टीबीला दीड दोन महिने लागू शकतात त्या मानाने लवकर. म्हणजे तुमचा जंतू प्लेटवर कदाचित होता पण आम्ही लोकांनी तिसऱ्या दिवशी बादलीत टाकला. चिठ्ठीवर कोणी लिहिलंच नाही की इंजेक्शननंतरच्या गाठी आहेत तर लॅबवाल्याला स्वप्न पडणार का.

म्हणून डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: कॉस्मेटिक इंजेक्शननंतर गाठी, मायकोबॅक्टेरियल कल्चर, एनटीएमची शंका. चेलोनीला ३७ डिग्रीपेक्षा ३०-३२ जास्त मानवतं, त्यामुळे दोन्ही तापमानाला लावा म्हणावं. हे नाव कासवावरून पडलंय बरं का, कासवात सापडला होता पहिला, थंड रक्ताचं जनावर, म्हणून त्याला गार जागा आवडते आणि माणसात तो जास्त करून कातडीत बसतो असं आम्हाला शिकवलेलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात जोडून सांगतो, बायोप्सीचा तुकडा दोन बाटल्यांत पाहिजे. एक फॉर्मलिनमध्ये, ती पॅथॉलॉजीला. दुसरी निर्जंतुक सलाईनमध्ये, ती कल्चरला. आमच्याकडे दर महिन्याला कोणीतरी अख्खा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून आणतं आणि म्हणतं याचं कल्चर करा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो हो, मेलेल्याचं काय कल्चर करू. मग पेशंटला परत कापायचं. फुटलेल्या गाठीवरून नुसता कापूस फिरवून पण आणू नका, पू सिरिंजमध्ये ओढून किंवा तुकडा.

जंतू निघाला की सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्याच्यावर कोणतं औषध चालतं ती तपासणी, पण मागा. क्लॅरिथ्रोमायसिन या औषधाचं वाचन अ‍ॅबसेसस असेल तर १४ दिवस थांबून करायचं असतं. काही अ‍ॅबसेससमध्ये एक जीन असतं, औषध समोर आलं की मग ते जागं होतं, ३-४ दिवसांत वाचलं तर औषध चालतंय असं दिसतं आणि पेशंटमध्ये पुढे चालत नाही. सगळीकडे ही सोय नसते, मुंबई पुण्याला नमुना जातो, वेळ लागतो, चिडू नका.

केळीबागवाली, जळगाव
२२ मार्च, संध्याकाळी ५.३०

दादा खूप उपकार. हे सगळं वहीत उतरवून घेतलं. एक शंका, हा जंतू आला कुठून? इंजेक्शन तर पॅकबंद होतं असं ती म्हणते, सुई पण तिच्यासमोर फोडली.

लॅबवाला, धुळे
२२ मार्च, रात्री ८.१५

सुई नवीन होती म्हणजे सगळं नवीन होतं असं नाही ना ताई. बाटली कोणाची? एकाच बाटलीतून १० बायकांना दिलं असेल, मागच्या रविवारची उरलेली असेल, पातळ करायला कुठलं पाणी घातलं. बहिणीला विचारा टोचायच्या आधी किंवा नंतर बर्फ लावला होता का.

हा जंतू पाण्यातला आणि मातीतला आहे. नळात, टाकीत, शॉवरच्या जाळीत, सगळीकडे असतो, वाघूरचं पाणी असो की तापीचं, आणि क्लोरिनला तो साध्या जंतूंसारखा दाद देत नाही. पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात मजेत राहतो. आपण तेच पाणी पितो अंघोळ करतो काही होत नाही. पण सुईने कातडीच्या खाली चरबीत नेऊन सोडला की त्याला घर मिळालं.

हे आपल्याकडेच होतं असं पण नाही. २००३-०४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकला जाऊन स्वस्तात कॉस्मेटिक सर्जरी करून आलेल्या अमेरिकन बायकांना अ‍ॅबसेससच झाला होता. २०११-१२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला टॅटूच्या शाईतून चेलोनी गेला, शाई कारखान्यातच पातळ केलेली होती, टॅटूवाल्याची सुई बिचारी स्वच्छ होती.

केळीबागवाली, जळगाव
२२ मार्च, रात्री ८.४०

बर्फ लावला होता. पार्लरच्या फ्रिजमधल्या ट्रेचा. फडक्यात गुंडाळून.

दोंडाईचाचा_भाऊ
२२ मार्च, रात्री ९.२०

आमच्या आईला पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सेम झालं होतं भो. बेंबीजवळच्या भोकातून दीड महिन्यानंतर पाणी यायला लागलं, टाके कच्चे राहिले म्हणत ३ वेळा परत साफ केलं. शेवटी हाच एनटीएम. दुर्बीण ज्या औषधात बुडवून ठेवतात त्यात पुरेसा वेळ ठेवत नाहीत, दिवसाला ८ ऑपरेशन असली तर कुठून ठेवणार, असं नंतर एकाने सांगितलं. म्हणजे मोठ्या दवाखान्यात पण होतं, पार्लरमध्येच होतं असं नाही. आई आता ठणठणीत आहे, केळीच्या घडावर चढते, म्हणजे चढत नाही पण माणसांना चढवते 😀

एमडी_स्किन, नाशिक
२२ मार्च, रात्री ११.०५

पेशंट न बघता इलाज सांगणार नाही, पण वरच्या दोघांनी जे लिहिलंय ते बरोबर आहे, विशेषतः लॅबवाले यांनी. तापीकाठची यांच्या साध्या अँटिबायोटिकच्या मुद्द्यात थोडी भर घालते.

इंजेक्शननंतर पहिल्या दोन चार दिवसांत लाल, गरम, ठणकणारं, ताप, असं झालं तर ते बहुतेक साधे जंतू, स्टॅफ किंवा स्ट्रेप, त्याला नेहमीची अँटिबायोटिक लागू पडतात आणि वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं. दोन तीन आठवडे ते दोन तीन महिने उशिराने, टोचलेल्या जागीच, ओळीने, फारशा न दुखणाऱ्या जांभळ्या गाठी, हे चित्र एनटीएमचं. बहिणीचं चित्र तसं दिसतंय. पण फिलरच्या गाठी, औषधाची रिअ‍ॅक्शन, खरोखरचा टीबी, हे सगळं असंच दिसू शकतं म्हणून तुकडा काढल्याशिवाय कोणीच छातीठोक बोलू नये, मी पण नाही.

सर्जनना दोष देऊ नका. त्यांना जे सांगितलं त्यावर टीबी हेच पहिलं डोक्यात येणार, आपल्या देशात तरी. त्यांच्याकडेच परत जा, खरं सांगा, कोणताही समजूतदार डॉक्टर सोमवारच्या गोळ्या थांबवून आधी नमुना घेईल. मधल्या काळात गाठी दाबू नका, पोटीस लावू नका, घरचं कुठलं पाणी लावून धुऊ नका, सलाईनने ड्रेसिंग.

आणखी एक, हे कोणी लिहिलं नाही. बाटली अनेकींना वापरली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तिन्ही तपासा. घाबरवत नाहीये. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या एका स्पामध्ये स्वतःचं रक्त चेहऱ्यावर टोचून घ्यायच्या त्या फेशियलमधून ३ बायकांना एचआयव्ही लागला असावा असं तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलं. एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. शेवटच्या टोच्याला तीन महिने झाले की परत एकदा.

आणि चरबी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचं म्हणाल तर डिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड नावाचं एक औषध अमेरिकेत २०१५ ला हनुवटीखाली वापरायला मंजूर झालं, तेवढ्याच जागेला, दंड मांड्या पोट यांना नाही, आणि दोन सिटिंगमध्ये कमीत कमी महिना जायला लागतो. दर पंधरा दिवसांनी म्हणजे रविवारवाल्याचं स्वतःचंच वेळापत्रक. बाटलीत नक्की काय होतं देवाला माहीत.

कोर्टाची_पायरी, अमळनेर
२३ मार्च, सकाळी १०.००

तो माणूस डॉक्टर आहे का ते आधी बघा. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर इथल्या कौन्सिलची नोंदणी लागते, नसेल तर महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम १९६१ चं कलम ३३ लागतं, बोगस डॉक्टरवर पोलीस तेच लावतात. तक्रार तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी द्या, पोच घ्या. बाटल्या औषधांबद्दल अन्न व औषध प्रशासन. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग, २ वर्षांच्या आत. पैसे फोनपेने दिले का रोख? फोनपेचा स्क्रीनशॉट, पार्लरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं आत्ताच दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा, मेसेज डिलीट व्हायला वेळ लागत नाही.

केळीबागवाली, जळगाव
१४ एप्रिल, रात्री १०.१५

अपडेट देते, खूप जणांनी विचारलं.

सोमवारी मी स्वतः गेले तिच्यासोबत, आईला सांगितलं तू घरी थांब बाबांचं जेवण बघ. सर्जनना सगळं सांगितलं. ते एक मिनिट काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले बेटा हे त्या दिवशी का नाही सांगितलं, आणि तिथल्या तिथे गोळ्यांची चिठ्ठी फाडली. रागावले नाहीत उलट. दोन बाटल्यांचं मी म्हटलं तर नर्स हसली, म्हणे ताई तुम्ही लॅबमध्ये आहात का.

सीबीनॅट निगेटिव्ह. कल्चर ६ व्या दिवशी वाढलं, नाव कळायला पुण्याला गेलं, मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस. एचआयव्ही वगैरे तिन्ही निगेटिव्ह, तीन महिन्यांची परत करायची आहे. आता नाशिकला ट्रीटमेंट चालू, क्लॅरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणि अमिकासिनचं इंजेक्शन रोज शिरेतून, अजून एक औषध सेन्सिटिव्हिटी पूर्ण आल्यावर जोडणार. कमीत कमी ४ महिने म्हणाले, जास्त पण लागू शकतात. दोन मोठ्या गाठी कापून काढल्या.

आईला सांगावंच लागलं. आई चिडली नाही, म्हणे मला का नाही सांगितलं, मी दिले असते पैसे चांगल्या डॉक्टरकडे जायला. आम्ही दोघी बघतच राहिलो.

तापीकाठची, भुसावळ
१४ एप्रिल, रात्री १०.४०

अमिकासिन चालू आहे तर कानाची तपासणी करून घेतली ना? ऑडिओमेट्री. मला तिसऱ्या आठवड्यात कानात रातकिडे ओरडायला लागले होते, लगेच सांगितलं म्हणून वाचले, मग इंजेक्शन आठवड्यातून तीनदा केलं. आणि क्रिएटिनिन, किडनीचं, दर आठवड्याला. पाणी भरपूर, आत्ता तर आपल्याकडे ४४ डिग्री जातंय. क्लॅरिथ्रोमायसिनने तोंडात नाणं चघळल्यासारखी चव राहते, ठेचा भाकरी पण कडू लागेल, पण गोळी चुकवायची नाही. आणि बरं वाटलं म्हणून एकटी गोळी चालू ठेवून बाकी बंद असं अजिबात करू देऊ नका, जंतू शिकतो मग.

मला पुढे क्लोफाझिमिन पण दिलं होतं, कुष्ठरोगाचं जुनं औषध. चांगलं लागू पडलं पण कातडी तांबूस काळी होते, वर्षभर लोक विचारायचे काय गं उन्हात शेतात जातेस का. गोरं दिसायला नव्हतं गेलं मी पण तरी बघा ना, दंड बारीक करायला गेले आणि रंग घेऊन आले.

शेवभाजी_एक_नंबर, जळगाव
१५ एप्रिल, सकाळी ९.००

लग्नाचं काय झालं?

केळीबागवाली, जळगाव
१५ एप्रिल, दुपारी २.३०

पुढे ढकललं. तुळशीच्या लग्नानंतर बघू. बाबा स्वतः जाऊन बोलले तिकडे, टीबी नाही काय आहे ते रिपोर्टसकट सांगितलं. मुलगा समजूतदार निघाला, सासूबाई थोड्या नाराज आहेत, मंगल कार्यालयाचे पैसे परत मिळत नाहीत त्याचं जास्त दुःख आहे असं वाटतं 🙂

केळीबागवाली, जळगाव
श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी ७.१०

रोटाचे गहू दळून आणले, आता थोडा वेळ मिळाला म्हणून लिहिते. गाठी बसल्यात, नवीन एक पण नाही दोन महिन्यांत. अमिकासिन बंद झालं, गोळ्या चालू आहेत, अजून दोन महिने तरी. कान ठीक. चिऱ्याच्या जागी खड्डा पडलाय आणि दोन डाग आहेत, डबल चिन आहे तशीच आहे. तक्रार दिलीये, पार्लरवाली म्हणते मी फक्त जागा भाड्याने दिली होती. रविवारवाला येणं बंद झालाय.

पिंप्री_ते_पारोळा
त्याच रात्री, ११.५५

ताई सगळा धागा आत्ता वाचला. तुमचा तो रविवारवाला पांढऱ्या गाडीतून यायचा का, सोबत बर्फाचा निळा डबा? आमच्याकडे आता शनिवारी येतो एकजण. वहिनीने मे महिन्यात घेतलं, ओठांच्या बाजूला ३ गाठी आहेत, ती म्हणते उष्णतेच्या आहेत.

केळीबागवाली, जळगाव
रात्री ११.५८

हो निळा डबा. जाग्या आहात का? नंबर पाठवलाय मेसेजमध्ये, आत्ताच फोन करा.